शाळेत जागा पुरवायची कोणी? इंग्लंडचा दीडशे वर्षांचा हिशेब

चर्च आणि धर्मादाय संस्थांच्या शाळा जिथे अपुऱ्या पडतात, तिथे पुरेशा जागा झाल्याच पाहिजेत, असं इंग्लंडमध्ये 1870 च्या शिक्षण कायद्याने ठरवलं. त्यासाठी लोकांनी निवडलेली स्कूल बोर्डं आली आणि स्थानिक करातून शाळा बांधू लागली. जबाबदारी आणि पैसा एकाच हातात होता. 1902 मध्ये बोर्डं गेली, काम कौन्सिलांकडे, म्हणजे निवडून आलेल्या स्थानिक संस्थांकडे आलं. आज पुरेशा जागांची ही जबाबदारी 1996 च्या शिक्षण कायद्याच्या कलम 14 मध्ये आहे.

खरी गोम आकडेमोडीत आहे. मूल चौथं वर्ष संपलं की रिसेप्शनच्या, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या सगळ्यात पहिल्या वर्गात येतं. म्हणजे जन्मनोंदणी हाती आल्यावर जागा शोधायला, परवानग्या काढायला आणि इमारत बांधायला जेमतेम चार-पाच वर्षं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2001 साली सुमारे 5.95 लाख मुलं जन्मली, 2012 साली 7.30 लाख. आणि नेमक्या याच चढाच्या काळात प्राथमिक शाळांतल्या सुमारे 2 लाख जागा कमी झाल्या! रिकामी बाकं म्हणजे उधळपट्टी, हा 1990 च्या दशकातला हिशेब तोवर अंगवळणी पडला होता. मोठा निधीही ‘बिल्डिंग स्कूल्स फॉर द फ्युचर’मधून माध्यमिक शाळांकडे जात होता, 2010 मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली. 2013 मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात आकडा आला: 2014-15 पर्यंत आणखी 2 लाख 56 हजार जागा हव्यात, त्यांतल्या 2 लाख 40 हजार प्राथमिकच्या.

रिसेप्शन आणि त्यापुढच्या दोन वर्गांत 30 च्या वर मुलं बसवायला कायद्याने मनाई. मग ‘बल्ज क्लास’ निघाले: एका वर्षापुरती घेतलेली जादा तुकडी. प्रवेश एका वर्षाचा, पण ती तुकडी सात वर्षं शाळेत वर सरकत राहते आणि तिच्यासाठी आणून ठेवलेल्या पोर्टाकॅबिनने (तयार तात्पुरत्या खोलीने) मैदानाचा कोपरा अडतो.

पैसा येतो केंद्राच्या ‘बेसिक नीड’ अनुदानातून, कौन्सिलांनीच कळवलेल्या अंदाजांवर. पण 2011 च्या कायद्यानंतर नवी शाळा हवी असेल, तर कौन्सिलला आधी अकॅडमी किंवा फ्री स्कूल (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण कौन्सिलच्या ताब्याबाहेरच्या शाळा) चालवणारा शोधावा लागतो. चालू अकॅडमीला ‘एक तुकडी वाढवा’ असा हुकूम ती देऊ शकत नाही. पालक जाब मात्र तिलाच विचारतात. 1870 ची मंडळी निदान इतका घोळ घालत नव्हती.

आता पारडं फिरलंय. 2023 मध्ये जन्म 5.91 लाखांवर उतरले. शाळेचा पैसा पटावर ठरतो, तोही मागच्या ऑक्टोबरच्या. तिसाच्या वर्गात बावीस मुलं उरली, तरी शिक्षकाचा पगार आणि हीटिंगचं बिल तेवढंच. लंडनच्या मध्यवर्ती भागात प्राथमिक शाळा बंद होताहेत, काही एकमेकींत विलीन होताहेत. 2024 मध्ये सरकारने शाळांतल्या मोकळ्या खोल्यांत बालवाड्या काढायचं ठरवलं. पहिल्या टप्प्यात 300, त्यासाठी 1.5 कोटी पौंड.