पाव (शब्द)

पाव हा मराठीतला दोन अक्षरी शब्द, पण खरं तर तो एक शब्द नाहीच, तीन वेगळ्या घरांतून आलेले तीन शब्द एकाच कपड्यांत फिरतायत. एक चौथा हिस्सा, दुसरा खायचा, तिसरा देव पावतो त्यातला. पुण्यात कुठल्याही पेठेतल्या दुकानात संध्याकाळी उभं राहा, "काका, पाव फरसाण द्या आणि सहा पाव" हे एका दमात ऐकू येतं, काका काट्यावर २५० ग्रॅम फरसाण करतात, लादीतनं सहा पाव तोडून कागदात गुंडाळतात आणि घोळ काही होत नाही. मापाचा पाव वस्तूच्या आधी येतो, खायच्या पावाआधी आकडा येतो, एवढंच त्याचं व्याकरण.

मापाचा पाव संस्कृत 'पाद'वरून आलाय. पाद म्हणजे पाय, आणि पाद म्हणजे चतुर्थांशसुद्धा, कारण जनावराला पाय चार, त्यातला एक म्हणजे पाव हिस्सा. श्लोकाचे चरण चार, तिथंही तोच हिशेब. म्हणजे पाय, पाऊल आणि पाव ही एकाच घरची भावंडं, हिंदीत तर पाँव आणि पाव यांत एका चंद्रबिंदूचाच काय तो फरक. मला यातला सगळ्यात भारी वाटतो तो पाऊण. पाद अधिक ऊन, म्हणजे पाव कमी. हे एकदा कळलं की पावणेदोन आपोआप सुटतं, दोनाला पाव कमी, आणि नुसतं पाऊण म्हटलं की एकाला पाव कमी, फक्त तो एक बोलण्यात गळालाय. आधीच्या पिढ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी पाढ्यासारखी तोंडपाठ असायची, आता मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे तर कोण कशाला पाठ करतंय. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, त्यामुळे पावशेर २३३ च्या आसपास, किलो आल्यावर पाव २५० चा झाला तरी भाजी घेताना जुनी माणसं अजून पावशेरच मागतात. रुपयाचा पाव म्हणजे पावली, चार आणे, ते २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातून गेलं.

खायचा पाव मात्र पूर्ण परका. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, किंवा मोठ्या रोटीचा चौथा तुकडा म्हणून पाव, असं लोक छातीठोक सांगतात, दोन्ही थापा आहेत. शब्द पोर्तुगीज, त्यांच्याकडे तो नाकात उच्चारतात, आपण ते नाक सोडून दिलं, आणि त्याच्याही मागे लॅटिन 'पानिस', म्हणजे भाकरीच. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, मग चिमाजीअप्पांनी ती घेतली, फिरंगी गेला पण पाव राहिला, सोबत चावी, पगार, बटाटा आणि घमेलंही. हाच पोर्तुगीज शब्द जपानमध्ये आणि श्रीलंकेत 'पान' झालाय, बंगालीत त्याला रोटी जोडून पाउरुटी म्हणतात. इंग्रजीतला कंपनी हा शब्दही त्याच पानिसच्या घरचा, मुळात ज्यांच्यासोबत भाकर खायची ती मंडळी. हिंजवडीतल्या कंपनीबाहेर टपरीवर चार जण वडापाव खात उभे असतात त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि जाता जाता, पुण्यातल्या बऱ्याच जुन्या ठिकाणी मिसळीबरोबर पाव येतच नाही, स्लाइस ब्रेड येतो, बाहेरून आलेल्याला तो धक्काच असतो.



तिसरा पाव हे क्रियापद. संस्कृत 'प्राप्', प्राकृतात 'पाव', अर्थ मिळणं, पोचणं. हिंदीतलं पाना तेच, पण तिथं माणूस काहीतरी पातो आणि आपल्याकडे देव माणसाला पावतो, दिशाच उलटी. नुसतं मिळणंही मराठीत शिल्लक आहे, मान पावणे, लोप पावणे, मृत्यू पावणे, पण ते आता पेपरात आणि भाषणातच, घरात कुणी असं बोलत नाही. रोजच्या वापरात टिकली ती पावती, पैसे पावल्याचा कागद. गणपतीत मांडवात एका बाजूला नवसाला पावणारा असा बोर्ड असतो आणि बाजूच्या टेबलावर कार्यकर्ता पावतीपुस्तक उघडून बसलेला असतो, "किती लिहू काका?"