टनात 2 ग्रॅमचं 2 किलो कसं झालं?

पातेल्याला कल्हई करताना नवसागराबरोबर फिरवतात, ते कथील. भूकवचात ते सरासरी टनामागे जेमतेम 2 ग्रॅम सापडतं. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवरच्या एर्ट्सगेबिर्ग डोंगरांत, आल्टेनबर्गच्या खडकात मात्र ते टनामागे 2 किलोच्या आसपास होतं. म्हणजे हजारपट!

सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी खंडांच्या टकरीत जाड झालेलं कवच खालून वितळलं. त्यात जुने गाळाचे खडक बरेच होते आणि त्यांतल्या कार्बनमुळे शिलारसात ऑक्सिजन कमी राहिला. सगळं गणित इथेच ठरतं. ऑक्सिजन जास्त असता, तर कथील टायटॅनियमच्या जागी शिरून आधी गोठणाऱ्या खनिजांमध्ये विखुरलं असतं. तो कमी असल्यामुळे कथिलाला स्फटिकांत जागा मिळत नाही. ते उरलेल्या रसात साठत जातं. फ्लोरिन आणि लिथियममुळे हा रस कमी तापमानालाही गोठत नाही.

शेवटी या रसापासून बनलेल्या ग्रॅनाइटच्या माथ्याशी क्लोरीनयुक्त, आम्लधर्मी गरम पाणी सुटं होतं आणि कथील घेऊन भेगांमध्ये शिरतं. कथील ऑक्साइड होऊन खाली बसताना आणखी आम्ल तयार होतं. ते साठलं तर क्रिया थांबते. पण भोवतालच्या ग्रॅनाइटमधलं खनिज, फेल्डस्पार, ते आम्ल खाऊन टाकतं आणि स्वतः अभ्रक व गारगोटी बनतं. या बदललेल्या करड्या खडकाला ग्रायझेन म्हणतात. त्यातले तपकिरी-काळे, चकाकते दाणे म्हणजे हेच कथील ऑक्साइड, कॅसिटेराइट.

आल्टेनबर्गचा ग्रायझेन फार कठीण. खाणकामगार लाकडं पेटवून तो तडकवत. पोखरून पोखरून पोकळ्या इतक्या वाढल्या, की 1620 मध्ये डोंगराचा मोठा भाग खचला. तो खड्डा आजही आहे.

कॅसिटेराइट सहज झिजत नाही, विरघळत नाही आणि गारगोटीच्या अडीचपट जड असतं. त्यामुळे डोंगर झिजला तरी ते ओढ्याच्या तळाशी साठतं. ओळखायची रीत सोपी: काळी वाळू पाण्यात घोळून जड दाणे वेगळे करा आणि चुंबकाने मॅग्नेटाइट हे लोहखनिज काढून टाका. उरलेले दाणे जस्ताच्या पत्र्यावर ठेवून वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडा. यातून निघणारा हायड्रोजन पेटतो, म्हणून हे उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. काही मिनिटांनी दाणे धुवा. कॅसिटेराइटवर करडा थर चढलेला असतो. फडक्याने घासला की तो रुपेरी चमकतो. दाणे जस्ताला नीट टेकले नसतील, तर मात्र थर चढत नाही.