झाडाची सावली आणि झाडाचा घाम

उन्हाळा आला की दोन छायाचित्रांची एक जोडी मोबाईलवर फिरू लागते. पहिल्यात उन्हातल्या डांबरावर रोखलेला इन्फ्रारेड थर्मामीटर ६० अंश दाखवतो. दुसऱ्यात त्याच रस्त्यावर, झाडाखाली, ३२. खाली ठळक ओळ: ‘एका झाडाने तापमान २८ अंशांनी उतरवलं!’ आकडे खरे असतील, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे. हा थर्मामीटर हवेचं तापमान मोजतच नाही. पृष्ठभागातून निघणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवरून तो त्या पृष्ठभागाचं तापमान काढतो. एकट्या झाडाखालची हवा भोवतालच्या हवेपेक्षा फार तर एक-दोन अंशांनी थंड असते, कारण वारा तिथली हवा सतत बदलत राहतो.

तरीही झाडाखाली शिरताच जीव थंडावतो, तो भास नव्हे. भर दुपारच्या उन्हातून दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट ऊर्जा येते. सावलीत तिचा बहुतेक भाग अंगावर पडत नाही. शिवाय ६० अंशांचं डांबर स्वतः दर चौरस मीटरला जवळपास ७०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं, ३२ अंशांचं ४९० च्या आसपास. अंगाला कळतो तो हा फरक. हवामान केंद्रातला थर्मामीटर मुळातच आडोशाला ठेवलेला असतो, त्याला तो दिसत नाही.

एवढं काम पत्र्याचं छप्परही करेल, असं कुणी म्हणेल. करेल, पण अर्धंच. पत्रा तापतो आणि मग खालच्या माणसावर स्वतःच उष्णता ओततो. पान तेवढ्याच उन्हात हवेच्या तापमानाच्या आसपास राहतं. ते कसं जमतं, हे या विषयातलं मला सर्वांत सुंदर वाटणारं कोडं आहे.

सूर्याच्या ऊर्जेचा साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. पान त्यातला बराचसा शोषतच नाही, परतवतं किंवा आरपार जाऊ देतं. प्रकाशसंश्लेषणात खर्ची पडते ती जेमतेम एक-दोन टक्के ऊर्जा. उरलेली उष्णता घालवण्यासाठी पान घाम गाळतं. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला, ते न उकळताही, सुमारे २.४ मेगाज्यूल ऊर्जा लागते. शाळेत शिकलेला बाष्पनाचा अप्रकट उष्मा तो हाच. मुबलक पाणी मिळणारं मोठं झाड दिवसाला १०० लीटर पाणी वाफेच्या रूपात सोडू शकतं. म्हणजे २४० मेगाज्यूल, विजेच्या हिशेबात ६७ युनिट. तेवढी उष्णता खोलीतून उपसायला दीड टनाचा एसी सुमारे १३ तास अखंड चालवावा लागेल, आणि तो ती उष्णता, स्वतःच्या विजेच्या उष्णतेची भर घालून, रस्त्यावर फेकेल. झाडाने घेतलेली उष्णता मात्र वाफेत लपून जाते आणि त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं तिथे, पुष्कळदा उंच ढगांत, बाहेर पडते.

पण हे पाणी शेंड्यापर्यंत चढतं कसं? खालून ढकलणारा पंप झाडात नाही. वरून ओढावं म्हटलं, तर हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी १० मीटरच चढू शकतं, आणि झाडं तर १०० मीटरच्याही वर जातात. डिक्सन आणि जॉली या डब्लिनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये याचं उत्तर मांडलं. पानातल्या पेशींच्या भिंतींत अतिसूक्ष्म छिद्रं असतात. तिथलं पाणी वाफ होऊन उडालं की उरलेल्या पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि पृष्ठताण मागच्या पाण्याला खेचतो. छिद्राची त्रिज्या ५० नॅनोमीटर धरली, तर ही ओढ वातावरणीय दाबाच्या २८ पटींपर्यंत जाऊ शकते. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की जलवाहिन्यांतला तो धागा मुळांपर्यंत ताणला जातो, पण तुटत नाही. जलवाहिनीत दाब शून्याच्याही खाली, ऋण असतो. दोरी ताणावी तसं पाणी ताणलेलं असतं!

या प्रवाहाची दारं म्हणजे पर्णरंध्रं, पानाच्या पृष्ठभागावरची उघडमिट होणारी सूक्ष्म छिद्रं. प्रत्येकाच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशी पोटॅशियमचे आयन आत घेतात, त्यांच्यामागे पाणी शिरतं, पेशी फुगतात आणि दार उघडतं. माती सुकली की ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक दार लावून घ्यायला लावतं. झाड स्वतःचा जीव वाचवतं आणि घाम थांबतो. उरते ती फक्त सावली.

म्हणूनच शहरातल्या झाडांचा हिशेब पाण्यावाचून करता येत नाही. युरोपातल्या २९३ शहरांच्या उपग्रह नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य युरोपात झाडांनी झाकलेले भाग दाट बांधकामापेक्षा ८ ते १२ अंशांनी थंड आढळले, कोरड्या दक्षिण युरोपात शून्य ते ४. (हेही पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नव्हे.) नुसत्या हिरवळीपेक्षा झाडांचा परिणाम दुप्पट ते चौपट होता. खोल मुळं असली की हिरवळ वाळल्यावरही पाणी मिळतं.

अमुक झाड रात्रीही ऑक्सिजन सोडतं, म्हणून त्याखाली गार वाटतं, हा समजही आता सोडून द्यायला हवा. प्रकाशाशिवाय पान ऑक्सिजन सोडत नाही, आणि ऑक्सिजनचा गारव्याशी संबंधही नाही. उलट रात्री दाट पर्णसंभार रस्त्याची उष्णता वर जाऊ देत नाही, तिथे झाडं थोडी अडथळाच ठरतात. दमट हवेतही घामाचं काम मंदावतं, मग भिस्त सावलीवर.

हवा खरोखर थंड व्हायची, तर झाडं एकटी-दुकटी असून भागत नाही. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात संशोधकांनी सायकलींवर तापमापक लावून मोजणी केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींनुसार, एखाद्या गल्लीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग पर्णछत्राखाली आला, की दिवसाची हवा सर्वांत जास्त निवते. २०२३ च्या एका अभ्यासानुसार युरोपच्या ९३ शहरांत झाडांचं आच्छादन ३० टक्क्यांवर नेलं, तर उन्हाळ्यातलं तापमान सरासरी ०.४ अंशाने घटेल. आकडा किरकोळ दिसतो. पण २०१५ च्या उन्हाळ्यात त्या शहरांतल्या जादा उष्णतेने ओढवलेल्या सुमारे ६,७०० अकाली मृत्यूंपैकी २,६४४ एवढ्याने टळले असते.

आता बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं झाड डोळ्यांसमोर आणा. पावसाचं पाणी गटारात जातं, दबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. उन्हं चढू लागतात तशी पर्णरंध्रं मिटतात, आणि दुपारी तीन वाजता, गारव्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा, पानं स्वतःच तापलेली असतात.