तीन नट, पंधरा गायक आणि एक डोंगरउतार

ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या नाट्यगृहात गाइड एक प्रयोग हमखास करून दाखवतात. खालच्या गोल अंगणाच्या, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या, मधोमध उभे राहून नाणे टाकतात किंवा कागद फाडतात. अगदी वर, पंचावन्नाव्या रांगेत बसलेल्या पर्यटकांना तो आवाज ऐकू येतो. पाठोपाठ ठरलेले वाक्य येते, की प्राचीन ग्रीकांच्या ध्वनिशास्त्राची सर आजही कुणाला नाही. प्रयोग गमतीचा आहे, पण ग्रीक शोकांतिका कशी घडली हे त्यातून कळत नाही. एपिडॉरसचे दगडी नाट्यगृह इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातले. शोकांतिका लिहिणारे सोफोक्लीस आणि युरिपिडीस इ. स. पू. ४०६ च्या सुमारास वारले, आणि एस्किलस त्याच्याही पन्नास वर्षे आधी. त्यांची नाटके अथेन्समध्ये ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर पहिल्यांदा झाली. तिथे बसायला लाकडी बाके होती आणि नाचायला चोपलेली माती. अथेन्सच्या नाट्यगृहाला पूर्ण दगडी रूप आले ते इ. स. पू. ३३० च्या आसपास, लायकर्गस या कारभाऱ्याच्या काळात. एपिडॉरसचा परिपूर्ण गोलही सगळीकडे नव्हता. अथेन्सभोवतालच्या ॲटिका प्रदेशातल्या थोरिकोस गावचे जुने नाट्यगृह आजही पाहता येते. त्याचा ऑर्केस्ट्रा धड गोल नाही की चौकोन नाही, टेकडीने जशी जागा दिली तसा आहे.

तरी एपिडॉरसची आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे, कारण उघड्यावरच्या कुठल्याही नाटकाला तीच अडचण येते. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. साध्या गप्पांचा आवाज एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असतो. शेवटची रांग साधारण ६० मीटरवर आहे. तिथवर जाताना ३५ डेसिबल गळतात आणि उरतात २५. हजारो माणसे कितीही शांत बसली तरी खोकला, कपड्यांची सळसळ आणि झाडांतला वारा यांची बेरीज त्याच्या वर जाते. कसलेला नट आवाज फेकतो तेव्हा एक मीटरवर ८० डेसिबलच्या आसपास पोचतो. मग मागच्या रांगेला ४५ मिळतात आणि शब्द कळतात. म्हणजे पहिली गरज दगडाची नसून फुप्फुसांची होती.

दुसरी गरज उताराची. सपाट मैदानावरच्या गर्दीत आवाज माणसांच्या डोक्यांना घासत पुढे जातो आणि वाटेतच शोषला जातो. एपिडॉरसचा चढ सुमारे २६ अंशांचा आहे. एवढ्या चढावर प्रत्येकाला नटाचे तोंड थेट दिसते, आणि जिथून तोंड दिसते तिथे आवाजही बिनअडथळा पोचतो. शिवाय ऑर्केस्ट्राची कडक जमीन आणि नटांमागच्या इमारतीची, म्हणजे स्कीनीची, भिंत आवाज परतवतात. हा परतलेला आवाज मूळ आवाजापाठोपाठ ५० मिलिसेकंदांच्या आत आला तर कान त्याला प्रतिध्वनी मानत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि बोलणे अधिक भरीव वाटते. रोमन नाट्यगृहांत ऑर्केस्ट्रात सिनेटरांच्या खुर्च्या मांडत. त्यामुळे आवाज उसळवणारी मोकळी जमीनच झाकली जायची.

दगडी पायऱ्यांचे काम २००७ साली जॉर्जिया टेकच्या निको डेक्लर्क आणि सिंडी डेकायझर यांनी गणिताने मांडले. ठरावीक अंतरावरच्या पायऱ्यांच्या ओळी गाळणीचे काम करतात. सुमारे ५०० हर्ट्झच्या खालचे स्वर दबतात आणि वरचे टिकतात. वारा आणि गर्दीची कुजबुज बरीचशी खालच्या पट्टीत असते, ती त्यात अडकते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वरही १०० ते १५० हर्ट्झ म्हणजे खालचाच, पण त्याच्या पटीतल्या वरच्या स्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. साध्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचे काही येत नाही, तरी बोलणारा कोण ते ओळखू येते, ते याच कारणाने. पुढे २०१७ मध्ये आइंडहोवनच्या संशोधकांनी मोजणीची यंत्रे लावून गाइडांच्या दाव्याचीच तपासणी केली. नाणे पडल्याचा किंवा कागद फाटल्याचा आवाज सगळीकडे जाणवतो, पण तो नाण्याचा की कागदाचा हे निम्म्या उंचीपर्यंतच कळते. कुजबुजलेले शब्द समजतात ते फक्त पुढच्या रांगांना. मागच्यांना शब्द कळायला नटाने मोठ्याने बोलावेच लागते. अर्थात ही मोजणी झिजलेल्या दगडांची आणि स्कीनी पडून गेलेल्या जागेची आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

डोळ्यांची अडचण कानांपेक्षा मोठी. ६० मीटरवरून माणसाचे डोके पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहूनही लहान दिसते. भुवई उंचावली, ओठ थरथरले, यातले काही त्या अंतरावर पोचत नाही. त्यामुळे चेहरा झाकून ग्रीक नटाने फारसे काही गमावले नाही. मुखवटा तागाच्या कापडाचे थर सरसाने चिकटवून करत, वर पातळ गिलावा आणि रंग. केस त्यालाच लावलेले, आणि तो टोपासारखा अख्ख्या डोक्यावर चढे. बायकांचे मुखवटे पांढरट, पुरुषांचे सावळे. लांबून हा फरक झटकन कळतो, आणि सगळे नट पुरुष असल्यामुळे तो कळणे गरजेचे होते. असा नाटकात वापरलेला एकही मुखवटा उरलेला नाही. संग्रहालयांतले मुखवटे माती-संगमरवरातल्या प्रतिकृती आहेत. इ. स. पू. ४०० च्या सुमाराचे प्रोनोमोस पात्र नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यावर हातात मुखवटे घेतलेला अख्खा नटसंच चितारला आहे, आणि त्या मुखवट्यांची तोंडे बेताचीच उघडी आहेत. मुखवट्याचे तोंड कर्ण्यासारखे आवाज वाढवायचे, हे सांगणे म्हणूनच पटत नाही. कर्णा चालतो तो हळूहळू रुंदावत जाणाऱ्या लांब नळीमुळे, नुसत्या भोकामुळे नाही. उंच टाचांचे जोडे आणि आ वासलेले मुखवटे कित्येक पुस्तकांत दिसतात, ते नंतरच्या शतकांतले. इ. स. पू. पाचव्या शतकातला नट मऊ, सपाट बूट घालून वावरत असे.

चेहरा दिसत नाही आणि ओठ हलताना दिसत नाहीत, म्हटल्यावर बोलतोय कोण हे कळायचे कसे? नाटककारांनी ते संवादातच भरले. क्रेऑन हे पात्र यायच्या आधी कोणीतरी सांगते की क्रेऑन येतो आहे. रडणारा रडतो आहे हे दुसऱ्या पात्राला बोलून दाखवावे लागते. आज वाचताना हे बाळबोध वाटते, आणि पुष्कळ आधुनिक प्रयोगांत अशा ओळी सरळ गाळतात. बंदिस्त छोट्या नाट्यगृहात ते चालून जाते. दहा हजार माणसांसमोर उघड्यावर गाळल्या, तर वरच्या रांगा हरवतात.

आता नटांची संख्या. ॲरिस्टॉटल सांगतो की दुसरा नट एस्किलसने आणला आणि तिसरा सोफोक्लीसने. पुढे तीनच्या वर बोलणारे नट मिळत नसत. मूक पात्रे हवी तितकी घ्यावीत, पण सगळ्या भूमिका तिघांत वाटायच्या. हे बंधन कथानकात किती खोल शिरते ते पाहायला सोफोक्लीसचा राजा ईडिपस पुरतो. नाटकाच्या मध्यानंतर ईडिपस, त्याची राणी योकास्टा आणि कोरिंथहून आलेला दूत असे तिघे समोर आहेत. सत्य ओळखून योकास्टा १०७२ व्या ओळीच्या सुमारास आत जाते, ती मरायलाच. ईडिपस आणि दूत जागचे हलत नाहीत. कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, एक छोटे गाणे गातो आणि सुमारे पन्नास ओळींत म्हातारा धनगर येऊन बोलू लागतो. मोकळा नट एकच, म्हणजे राणीचा मुखवटा उतरवून तोच धनगर होऊन आला आहे. पन्नास ओळी म्हणजे काही मिनिटे. तेवढ्यात मुखवटा, झगा, चाल आणि आवाज बदलायचा. कोरसच्या गाण्यांचे इतर उपयोग असतील ते असोत, नटाला कपडे बदलायला वेळ देणे हा त्यातला अगदी रोकडा उपयोग.

एस्किलस तीन नटांच्या याच बंधनावर डाव खेळतो. इ. स. पू. ४५८ च्या त्रयीतल्या दुसऱ्या नाटकात ओरेस्टीसचा मित्र पायलॅडीस सुरुवातीपासून सोबत आहे आणि तोंडातून अक्षर काढत नाही. तो मूक पात्र आहे, असेच प्रेक्षक धरून चालतात. आईला मारण्यापूर्वी ओरेस्टीस अडखळतो, काय करू म्हणून विचारतो, आणि पायलॅडीस बोलतो. फक्त तीन ओळी. त्याआधी जेमतेम पंचवीस ओळींवर एक नोकर ओरडत बाहेर आलेला असतो. जुन्या टीकाकारांनीही टीप लिहून ठेवली आहे, की चार जणांनी बोलू नये म्हणून नोकराचा नटच पायलॅडीस झाला. सोफोक्लीसच्या शेवटच्या नाटकात, कोलोनसमधल्या ईडिपसच्या गोष्टीत, हिशेब आणखी बिघडतो. तिथे तिघांत भागवायचे तर अथेन्सचा राजा थीसियस याची एकच भूमिका वेगवेगळ्या प्रवेशांत वेगवेगळ्या नटांना द्यावी लागते. मुखवटा असल्यानेच ते खपते.

कोरसमध्ये आधी बारा जण असत, सोफोक्लीसपासून पंधरा. ते धंदेवाईक नव्हते, अथेन्सचे नागरिक होते, आणि महिनोन्महिने तालीम करत. एकदा बाजूच्या वाटेने आत आले की बहुधा शेवटपर्यंत तिथेच. याचा लेखकाला जाच होई. पंधरा माणसे ऐकत असताना कट रचायचा कसा? म्हणून युरिपिडीसच्या नाटकातली मीडिया ही नायिका सूड उगवण्याआधी कोरसकडून गप्प राहण्याचे वचन घेते.

यंत्रे दोन. एक्किक्लेमा म्हणजे चाकांचा पाट. आत झालेल्या खुनाची प्रेते त्यावर घालून स्कीनीच्या दारातून बाहेर ढकलत. दुसरी मेखाने, म्हणजे उचलयंत्र. तिला टांगून देवांना किंवा उडणाऱ्या माणसांना छपरावर आणत. ती किती भरवशाची होती हे ॲरिस्टोफनीसच्या इ. स. पू. ४२१ च्या विनोदी नाटकावरून कळते. शेणकिड्यावर बसून आकाशात निघालेला नायक मध्येच गोष्ट सोडून यंत्र चालवणाऱ्याला विनवतो, की बाबा रे, जपून.

खर्च कोण करी? वसंतातल्या डायोनायसस देवाच्या मोठ्या उत्सवात तीन नाटककार उतरत, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि एक सॅटिर नाटक, म्हणजे अर्धपशू सॅटिरांचा कोरस असलेले थट्टेचे नाटक. मुख्य नटांचे मानधन नगर देई. कोरसची तालीम, खाणे-पिणे आणि कपडे यांचा भार एका श्रीमंत नागरिकावर टाकला जाई, त्याला खोरेगोस म्हणत. इ. स. पू. ४११-१० मध्ये एकाने शोकांतिकेसाठी ३००० द्राख्मा खर्चल्याचे लिसियस या वक्त्याच्या एका भाषणात आहे. त्या काळात कुशल कारागिराची रोजंदारी एक द्राख्मा होती, म्हणजे सुटी न घेता आठ वर्षांची मजुरी. ज्याला झेपत नसे तो दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणू शके, हा माझ्याहून श्रीमंत आहे. आणि त्याने नाकारले, तर दोघांनी मालमत्तांची अदलाबदल करावी.

निकालाची पद्धत मात्र फार हुशार होती. दहा जमातींकडून नावे येत आणि मोहोरबंद रांजणांत राहत. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येकातून एक नाव काढून दहा परीक्षक ठरत. दहाही जण मत देत, पण साधारणपणे मान्य झालेल्या मांडणीनुसार त्यांतली पाचच मते चिठ्ठीने काढून मोजली जात. लाच द्यायची तर द्यायची कुणाला, हेच शेवटपर्यंत कळू नये म्हणून. याची किंमत किती ते मोजता येते. सोयीसाठी स्पर्धक दोनच आणि मते ६ विरुद्ध ४ धरा. दहातून पाच मते २५२ प्रकारे निघू शकतात. त्यांतल्या ६६ प्रकारांत अल्पमतातला जिंकतो, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. ७ विरुद्ध ३ असेल तर ही शक्यता आठ टक्क्यांवर येते. राजा ईडिपस ज्या संचात होते त्याला पहिले बक्षीस मिळाले नाही, ते एस्किलसचा भाचा फिलोक्लीस घेऊन गेला, असे प्राचीन नोंद सांगते. त्या दिवशी चिठ्ठी आडवी आली की परीक्षकांना खरेच फिलोक्लीस आवडला, हे गणिताने सुटणारे नाही. फिलोक्लीसचे एकही नाटक उरलेले नाही.

एवढ्या तयारीनंतरही एक श्वास घात करू शके. इ. स. पू. ४०८ मध्ये युरिपिडीसच्या ओरेस्टीसमध्ये हेगेलोखस या नटाला वादळानंतर समुद्र शांत झालेला दिसतो, असे म्हणायचे होते. प्राचीन ग्रीक भाषेत स्वराच्या चढउताराने अर्थ बदलत असे. जोडून म्हणायच्या दोन शब्दांमध्ये त्याचा दम तुटला, आणि प्रेक्षकांनी ऐकले की त्याला मुंगसासारखे दिसणारे एक जनावर दिसते आहे. विनोदी नाटककारांनी तीन वर्षांनंतरही त्याला सोडले नाही. याच नाटकाच्या कोरसगीतातल्या सातेक ओळींचा, सुरांच्या खुणांसकट, पपायरसचा एक फाटका तुकडा व्हिएन्नात आहे. तो इ. स. पू. २०० च्या आसपासचा. कोरसच्या ओळी गायल्या जात आणि त्यांना ऑलोस या जोडपाव्याची साथ असे. तेव्हाच्या शोकांतिकांपैकी बत्तीस-तेहतीस नाटकांचे शब्द पुरते हाती आले, सूर मात्र अशा मोजक्या तुकड्यांपलीकडे नाहीत.