दीपगृहाचा उजेड लांबवर कसा पोहोचतो?

रेल्वे येण्यापूर्वी बेळगाव भागाचा बराचसा समुद्री व्यापार घाट उतरून वेंगुर्ला बंदरातून होत असे, आणि त्या बंदरासमोर खडकाळ बेटांचा पुंजकाच असल्यामुळे रात्री दीपगृहावाचून गत्यंतर नव्हते. आजही आपल्याकडची मंडळी आंबोलीमार्गे तिकडे गेली की ‘वर केवढा तरी मोठा बल्ब असणार’ असे म्हणतात. हा समज चुकीचा आहे, कारण तेलाच्या वातीवर चालणाऱ्या दीपगृहांचा उजेडही वीस-पंचवीस किलोमीटरवरून दिसत असे.

खरी करामत भिंगाची आहे. वात बहिर्वक्र भिंगाच्या नाभीपाशी ठेवली, तर चहूकडे पसरणारे किरण समांतर होऊन बाहेर पडतात. परंतु माणसाच्या उंचीचे अखंड भिंग प्रचंड जाड व जड होईल आणि बराच प्रकाश काचेतच शोषला जाईल. फ्रेंच अभियंता ऑगस्तीन फ्रेनेल याने ओळखले की किरण वळतो तो केवळ काचेच्या पृष्ठभागावर, त्यामुळे मधली काच काढून टाकता येते. उरलेले वक्र पृष्ठभाग त्याने एकाभोवती एक कड्यांसारखे मांडले, आणि १८२३ मध्ये असे भिंग फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहात बसले. जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या सपाट काचेखालीही अशीच कडी असलेले भिंग असते. वातीपासून फार तिरपे निघणारे किरण मात्र अपवर्तनाने पुरेसे वळत नाहीत. त्यांच्यासाठी पुढे वरखाली त्रिकोणी लोलक बसवण्यात आले. काचेतून हवेकडे जाणारा किरण पृष्ठभागाच्या स्तंभिकेशी, म्हणजे त्याला काटकोनात असलेल्या रेषेशी, सुमारे ४२ अंशांहून मोठा कोन करीत असेल, तर तो बाहेर न पडता आतच पूर्ण परावर्तित होतो, आणि लोलकाचा कोन नेमका ठेवला की तोही किरण क्षितिजाकडे वळतो.

अशाच भिंगांच्या तक्त्यांनी ‘फुकट वीज’ तयार होते असे सांगणारे व्हिडिओ सध्या फिरत असतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. भिंग प्रकाश एकवटते, निर्माण करीत नाही.

पुष्कळ दीपगृहांत दिवा लुकलुकतही नाही. तो सतत जळत असतो, भिंग त्याच्याभोवती फिरते आणि प्रत्येक झोत आपल्यावरून जाताना झळक दिसते. या झळकांमधील अंतरावरून खलाशी दीपगृह ओळखतात.

अर्थात झोत कितीही प्रखर असला, तरी पृथ्वीचा गोलावा आड येतोच. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते: ३६ मीटर उंचीवरील दिव्यासाठी सुमारे २१, आणि पाण्यापासून ४ मीटरवर उभ्या असलेल्या खलाशाचे ७ किलोमीटर त्यात मिळवायचे.