दख्खनी मेंढीचं एकच कोकरू आणि बुरूला जनुकाचा उलटा प्रवास

सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावरची दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते, जुळं क्वचित. इथला पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि चाऱ्यामागे कळप महिनोन्‌महिने फिरतीवर. दोन मरतुकडी कोकरं घालणारीपेक्षा एक दणकट कोकरू जगवणारीचाच वंश इथे टिकला. त्यामुळे याला जातीची खोट म्हणणं आम्हाला पटत नाही.

सुंदरबनातली गारोल मेंढी याच्या अगदी उलट. वजन जेमतेम 10 ते 14 किलो, पण वेताला दोन, कधी तीन कोकरं. 1792-93 साली कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे न्यू साउथ वेल्समधल्या ‘बुरूला’ या शेतावर सीअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वाढवल्या. हे एकाच जनुकाचं काम असावं, असं ऑस्ट्रेलियन संशोधक पायपर आणि बिंडन यांनी 1980 च्या सुमारास मांडलं. जनुक नेमकं सापडलं 2001 मध्ये. त्याच्या डीएनए अक्षरांच्या साखळीत 746 व्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’, एवढाच फरक. लगेच गारोलमध्येही तोच बदल आढळला आणि मूळ घर कळलं.

हा बदल असला की बीजकोष (अंडाशयातल्या बीजाच्या पिशव्या) लहान असतानाच पक्व होतात. एरवी एक मोठा बीजकोष बाकीच्यांना मागे सारतो. इथे दोन-तीन सोबत फुटतात. बदललेल्या जनुकाची एकच प्रत (आईकडून किंवा बापाकडून) आली तर साधारण दीड बीज जास्त, दोघांकडून मिळून दोन आल्या तर तीनच्या आसपास जास्त.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोलचं हे जनुक दख्खनीत आणलं. पहिल्या संकरात अंगलट घटते, म्हणून पुन्हा पुन्हा दख्खनीशी मिलन. त्यात दर पिढीत निम्मीच पिल्लं जनुक घेऊन येतात. मेंढ्याकडे पाहून तर काहीच कळत नाही. जनुक सापडण्याआधी त्याच्या लेकी विण्याची वाट पाहावी लागे. आता रक्ताचे थेंब पुरतात: डीएनएच्या 190 अक्षरांच्या तुकड्याच्या भरपूर नकला करून त्याला कापणारं विकर (एन्झाइम) लावायचं. तो 160 वर कापला गेला तर बदल आहे, अखंड राहिला तर नाही, दोन्ही पट्टे दिसले तर एकच प्रत.

कळपाला दोन प्रतींचा मेंढा द्यावा. त्याला साध्या मेंढ्यांपासून होणारी सगळी पिल्लं एकप्रती निघतात. दोन प्रतींच्या माद्या मात्र तिळी देतात, आणि दूध पुरत नाही. जुळ्यांतही मरतं ते बहुधा हलकं कोकरू. थोरलं आधी कासेला लागतं, धाकटं गारठतं. पहिल्या दोन तासांत वजनाच्या किलोमागे 50 मिली चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे. गाभण मेंढीला शेवटचे सहा आठवडे खुराक नसेल, तर कासेत तेवढा चीक उतरतच नाही. म्हणून असा मेंढा आधी घरी बांधून खुराक देणाऱ्याला द्यावा, फिरत्या वाड्याला नंतर.