कोकणातले घरगुती रेल्वे लेआउट आणि त्यांचे फोटो

प्लायवुडच्या फळीवर रूळ, स्टेशन, डोंगर, पूल, झाडं हे सगळं ठराविक प्रमाणात लहान करून बांधायचं आणि त्यावर विजेवरची छोटी गाडी चालवायची, याला मॉडेल रेल्वेवाले लेआउट म्हणतात. खेळण्यातली गाडी गोल गोल फिरवणं वेगळं आणि हे वेगळं, कारण इथे प्रमाणाला मान असतो, डबा ज्या मापाने लहान केला त्याच मापाने माणूस, नारळ आणि स्टेशनची पिवळी पाटीसुद्धा लहान व्हायला हवी. आणि लेआउट घरात एका खोलीत पडून असतो, तो बघायला फार तर शेजारी आणि गणपतीला आलेले चाकरमानी येणार, त्यामुळे या छंदात फोटो काढून एकमेकांना पाठवणं हे गाडी चालवण्याइतकंच मोठं काम आहे. बऱ्याच जणांचा लेआउट फोटोसाठीच पुढे सरकतो हे उघड गुपित आहे.

छंद मूळचा युरोपातला. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरलेल्या मापांचे रूळ आणि गाड्या मांडल्या, तेव्हापासून एका संचाचे रूळ दुसऱ्याला जोडता यायला लागले आणि खेळण्याचा छंद झाला. महाराष्ट्रात बघायचं तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पोरांनी रेल्वे बघायची म्हणजे एसटीने मुंबई किंवा कोल्हापूर गाठायचं, त्यामुळे इथे गाडीचं वेड घराण्यात चालत आलेलं वगैरे काही नाही, ज्यांच्या लहानपणी गावाजवळून पहिल्यांदा इंजिन गेलं तीच पिढी आज फळ्या कापत बसली आहे.

मापाची भानगड

घरात सगळ्यात जास्त चालतो तो एचओ स्केल, म्हणजे १:८७ (खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग), आणि जागा कमी असेल तर एन स्केल, १:१६०. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात आणि एनचे ९. आता १६.५ ला ८७ ने गुणलं की येतात १४३५ मिलिमीटर, तो झाला युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६ चा. म्हणजे आपल्या गाडीला एचओमध्ये खरं तर १९.३ मिलिमीटरचा रूळ पाहिजे आणि तो बाजारात तयार मिळत नाही, मग सगळे १६.५ वरच आपली गाडी चालवतात आणि समोरून फोटो काढला की भारतीय इंजिन जरा चिंचोळ्या पायावर उभं असल्यासारखं दिसतं. जाणकार हे लगेच ओळखतात पण बोलून दाखवत नाहीत, कारण त्यांच्याकडेही तेच आहे.

कोकण रेल्वे तशीच्या तशी लहान करायला गेलं तर मजाच होते. रोहा ते ठोकूर साधारण ७४० किलोमीटर, एचओमध्ये ते होतात साडेआठ किलोमीटर. ते सोडा, एकटा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पंचाहत्तर मीटर लांब होतो. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब, तो एचओमध्ये ७४ सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ पाच मीटर लांब भरतो, म्हणजे ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पूल. वळणांचं तर विचारूच नका. या मार्गावर वळणाची त्रिज्या १२५० मीटरच्या खाली नेलेली नाही, एचओत ती सव्वाचौदा मीटरच्या वर जाते आणि आठ बाय चारच्या प्लायवर बसतं ते जेमतेम अठरा-बावीस इंच त्रिज्येचं वळण! २२ डब्यांची एलएचबी (नव्या प्रकारच्या लांब डब्यांची) गाडी करायची तर एकेक डबा २७ सेंटिमीटर, सगळी मिळून सहा मीटर. त्यामुळे घरातली मांडवी एक्स्प्रेस सहसा सहा-सात डब्यांचीच असते. त्यातही २७ सेंटिमीटरचा डबा अठरा इंचाच्या वळणावर गेला की पोट आत आणि टोकं बाहेर, प्लॅटफॉर्म घासतो नाहीतर बोगद्याच्या तोंडाला अडकतो, म्हणून बरेच जण डबा चार-पाच खिडक्यांनी आखूड करतात आणि फोटो बाजूने न काढता तिरका काढतात म्हणजे खिडक्या कोणी मोजत नाही.

चढाचंही तसंच, खऱ्या मार्गावर १५० ला १ पेक्षा जास्त चढ नाही. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला एचओत साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते, ती खऱ्या चढाने गाठायला अकरा मीटर धाव पाहिजे. घरात ४० ला १ चा चढ देतात आणि मग इंजिन जागच्या जागी चाकं फिरवतं.

थोडक्यात, काय ठेवायचं आणि काय सोडायचं हाच इथला खरा प्रश्न, आणि माझ्या मते ज्यांनी अख्खी कोकण रेल्वे फळीवर कोंबायचा प्रयत्न केला त्यांचे लेआउट बघवत नाहीत, पाच बोगदे, तीन पूल, एक धबधबा, मध्ये किल्ला पण. ज्यांनी एकच स्टेशन घेतलं त्यांचे फोटो परत परत बघावेसे वाटतात. त्याला कारण पण आहे. रोहा ते वीर दुपदरी झाली, २०२१ मध्ये, पण पुढचा बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे, त्यामुळे गाड्यांचं क्रॉसिंग स्टेशनातच. एक मेन लाइन, एक लूप म्हणजे बाजूचा रूळ, दोन्ही टोकांना रूळ बदलायचे सांधे, एवढ्या सामानात अख्खी संध्याकाळ जाते. पॅसेंजर लूपला घ्यायची, सिग्नल लाल, समोरून राजधानी धाडकन जाऊ द्यायची, मग पॅसेंजर सोडायची, ज्याने विलवडे किंवा आडवलीला तासभर वाट बघितली आहे त्याला यात वेगळाच आनंद मिळतो. मालगाडीत रो-रोला मागणी जास्त, म्हणजे सपाट वॅगनवर चढवलेले ट्रक, कोलाड ते वेर्णा अशी ही सेवा १९९९ पासून चालू आहे. त्यात नवखे लोक दुकानातल्या छोट्या मोटारी चढवतात, त्या साधारण १:६४ च्या असतात, मग एचओच्या वॅगनवर ट्रक इंजिनापेक्षा दांडगा दिसतो.

अगदीच जागा नसेल त्यांनी नेरळ-माथेरान करावं. ती १९०७ ची गाडी, दोन फुटी गेज, वळणं मुळातच आवळलेली आणि चढ २० ला १ पर्यंत, त्यामुळे घरातलं आखूड वळण तिथे चक्क खरं दिसतं. एनचा ९ मिलिमीटरचा रूळ घेऊन वर १:७६ चे डबे बसवले की काम भागतं.

सामान आणि पावसाळा

तयार भारतीय इंजिनं मिळतात पण किंमत ऐकून घरचे बोलायचं बंद करतात. म्हणून परदेशी इंजिन घेऊन रंग मारणं, नाहीतर कार्डशीटवर प्रिंट काढून डबे चिकटवणं आणि खाली तयार चाकं लावणं हा मधला मार्ग. थर्माकोलचे डोंगर आता गेले, २०१८ च्या बंदीने गणपतीच्या मखरांबरोबर तेही सुटले, त्यामुळे सगळे कागदाच्या लगद्यावर परत आले आणि खरं सांगायचं तर लगद्याचा कातळ जास्त बरा दिसतो. जमिनीला अंगणातलीच लाल माती, उन्हात कडक वाळवून मैद्याच्या चाळणीने चाळायची (घरच्यांना न सांगता), पाणी घातलेल्या फेविकॉलवर भुरभुरायची. जांभ्याचा चुरा तर या कामासाठीच जन्माला आलाय. परदेशी तयार गवत मात्र इथे शोभत नाही, त्याचा हिरवा थंड प्रदेशातला असतो. इकडचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, ऑगस्टमध्ये डोळ्यात भरेल इतका हिरवा आणि मार्चमध्ये पार पिवळा, तेव्हा सुताराकडून भुसा आणून पोस्टर कलरमध्ये बुडवलेला चांगला.

झाडांमध्ये पोफळ, म्हणजे सुपारी, सगळ्यात सोपी. झाडूचा हीर साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो, पोफळीचं खोड खरं पंधरा सेंटिमीटर धरलं तर १:८७ ला बरोबर तेवढंच येतं. हीर सतरा सेंटिमीटरवर कापायचा, वर बोटभर हिरवा रंग, खाली राखाडी, त्यावर पांढऱ्या पेन्सिलीने आडव्या रेघा, टोकाला कातरलेल्या कागदाच्या सहा-सात झावळ्या, झालं. नारळाला हीर बारीक पडतो, तिथे तांब्याच्या तारा पिळून वर कागदी टेप गुंडाळतात आणि खोडाला जरा बाक देतात. सरळसोट नारळ दिसला की समजायचं माणूस घाईत होता.

धबधब्याला पारदर्शक सिलिकॉन, बाथरूमच्या फटी भरतात तेच. प्लास्टिकच्या कागदावर उभ्या रेघा ओढायच्या, वाळला की सोलून कड्यावर चिकटवायचा, वर पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश. उक्षीच्या बाजूचे पावसाळी धबधबे करणारे बहुतेक याच वाटेने जातात.

आता दुखणं. कोकणातली दमट आणि खारी हवा या छंदाची वैरी आहे. स्वस्त संचातले लोखंडी रूळ एका पावसाळ्यात तांबूस होतात, पितळी रूळ काळे पडतात, आणि गाडीला करंट रुळातूनच मिळत असल्याने जिथे थर जमला तिथे गाडी अडखळते, हेडलाइट लुकलुकतो. निकेल सिल्व्हरचे रूळ घ्यावेत, महाग पडले तरी, आणि चालवायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसावेत. प्लाय खालून रंगवला नाही तर फुगतो आणि रुळाचे जोड उचलले जातात. फेविकॉल लावलेल्या मातीवर जुलैत बुरशी येते, काही जण तिला शेवाळ म्हणून फोटोत खपवतात आणि ते खपतंही. वाळवीचं काय बोलायचं. वीज जाते, पण साधा लेआउट १२ व्होल्ट डीसीवर चालतो, त्यामुळे बॅटरी जोडूनही भागवता येतं. डिजिटल म्हणजे डीसीसी पद्धतीत प्रत्येक इंजिनात वेगळी चिप बसते आणि एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात, क्रॉसिंगला ते फार सोयीचं, फक्त खर्चाची तयारी पाहिजे.

बऱ्याच घरात फळी वर्षभर माळ्यावर आणि भाद्रपदात खाली असा क्रम असतो. सिंधुदुर्गाकडे गणपतीच्या वर माटवी (फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट) बांधतात, तिच्याखाली एका बाजूला बोगदा आणि गाडी देखाव्यात आली की आरतीला आलेली सगळी पोरं तिकडेच, "अरे गाडी खय गेली?" करत बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी बसलेली. या पाच-सात दिवसात वर्षातले सगळ्यात जास्त फोटो निघतात आणि सगळ्यात जास्त डबेही मोडतात.

फोटो

नवीन माणूस उभा राहून वरून फोटो काढतो आणि मग हेलिकॉप्टरमधून काढल्यासारखी खेळण्यातली गाडी दिसते. १:८७ चा माणूस दोन सेंटिमीटर उंचीचा, तेव्हा कॅमेराही तेवढ्यावरच पाहिजे. फोन उलटा धरायचा म्हणजे लेन्स खाली येते आणि जवळजवळ रुळाला टेकते. फार जवळ जायचं नाही, हातभर मागे सरून दुपटीने झूम केलं की इंजिनाचं नाक फुगत नाही आणि मागचे डबेही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. ट्यूबलाइट दोन असल्या की सावल्याही दोन पडतात, खऱ्या जगात सूर्य एकच आहे, त्यामुळे एक बंद करावी नाहीतर तुकडा उचलून पडवीत आणावा. सुटे तुकडे जोडून केलेल्या लेआउटचा मोठा फायदा हाच. एक युक्ती इथलीच म्हणावी लागेल, तुकडा परसातल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवायचा आणि मागची खरी पोफळीची बाग धूसर येऊ द्यायची, मागच्या पडद्याचा खर्च वाचतो आणि उजेड अस्सल कोकणातला मिळतो. पावसाचा भास आणायला फवारा मारू नये, खरा थेंब त्या मापाला कलिंगडाएवढा दिसतो, प्लॅटफॉर्मवर चकचकीत वॉर्निशचा हात पुरतो.

पाठवताना व्हॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर फोटो दाबला जाऊन पाटीवरची अक्षरं जातात, आणि ती अक्षरं लिहायला एक रात्र गेलेली असते. आलेल्या फोटोंवर पहिला प्रश्न ठरलेला, "पूर्ण लेआउटचा एक टाका ना". तो रास्त आहे. जवळून काढलेल्या फोटोत दोन फुटांची फळीही अख्खा सह्याद्री वाटते, शिकणाऱ्याला मात्र फळीची कड, खालची वायरिंग, अर्धवट डोंगराची जाळी दिसली तर काहीतरी हाती लागतं, त्यामुळे चकाचक फोटोला नुसते अंगठे येतात आणि वायरींच्या जंजाळाच्या फोटोखाली खरी चर्चा रंगते.

सध्याचा वाद तारांचा आहे. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, तेव्हापासून स्टेशनचा फोटो टाकला आणि वर तार नसली की कोणीतरी विचारतंच. खांब लावायचे तर एचओत दर साठ-सत्तर सेंटिमीटरला एक येतो, साफसफाई करताना हात अडकतो, गाडी घसरली तर उचलता येत नाही आणि तार एवढी बारीक की फोटोत दिसत नाही. काहींनी खांब लावून तारा सोडून दिल्यात. बाकीचे फोटोखाली "डिझेलचा काळ" असं लिहून मोकळे होतात आणि डब्ल्यूडीपी-४डी हे डिझेल इंजिन चालवतात.